वजनाचं रजिस्टर

डायलिसिसच्या डॉक्टरला बरा होऊन घरी गेलेला रुग्ण सहसा दिसत नाही. अपेंडिक्स काढलेला माणूस आठव्या दिवशी टाके काढायला येतो, पेढे देतो आणि डॉक्टरला विसरतो. माझा रुग्ण सोमवारी चार तास मशीनवर असतो, थकून घरी जातो आणि गुरुवारी पुन्हा येतो. वर्षाला शंभरेक वेळा आम्ही एकमेकांची तोंडं बघतो, आणि हे पाच-सात-दहा वर्षं चालतं. त्याच्या सुनेचं माहेर कुठलं, उसाचं बिल जमा झालं की नाही, हे मला ठाऊक असतं. पुढे त्याचं काय होणार हेही ठाऊक असतं. किडनी मिळून सुटणारे थोडे. बाकीच्यांचं शरीर आमच्या डोळ्यांदेखत खचत जातं.

लोक विचारतात, "मॅडम, रात्री-अपरात्री उठावं लागतं, त्याचा ताण येत असेल ना?" येतो. पण झोप रविवारी भरून काढता येते. मला ज्याने पोखरलं ते निराळंच होतं, आणि तो ताण आहे हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. मी त्याला शिस्त म्हणत होते.

माझ्या वडिलांच्या पिढीने डायलिसिसबद्दल ऐकलं ते जयप्रकाश नारायणांमुळे. 1975 च्या अखेरीस तुरुंगातून सुटल्यावर त्यांना मुंबईला जसलोकमध्ये आणलं, आणि 1979 साली जाईपर्यंत ते डायलिसिसवर होते. तेव्हा हा उपचार मोठ्या शहराचा, मोठ्या माणसांचा. मी शिकून जिल्ह्याच्या गावी आले तेव्हाही परिस्थिती फार वेगळी नव्हती. घरातलं सोनं संपलं की रुग्ण यायचे बंद होत. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर डायलिसिस मिळू लागलं. ही फार चांगली गोष्ट झाली, यात मला शंका नाही. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी जिल्हा रुग्णालयांसाठी डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा देशात दर वर्षी सुमारे 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते असं सांगितलं. त्यातले आमच्या वाट्याचे आले. मशिनं वाढली, शिफ्ट दोनाच्या तीन झाल्या, मग चार. डॉक्टर मात्र तेवढेच राहिले, म्हणजे मी. एमबीबीएस, एमडी आणि वर डीएम करून जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा माणूस सहज सापडत नाही.

या गर्दीत माझं सगळं लक्ष एका आकड्यावर येऊन ठेपलं. वजन.

लघवी होत नसलेल्या माणसाने प्यायलेलं पाणी अंगातच साचतं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलो वाढलं म्हणजे साधारण दोन लिटर पाणी साचलं. पाच किलो वाढलं तर ते चार तासांत काढावं लागतं, मग पायात गोळे येतात, बीपी कोसळतं, उलट्या होतात, टेक्निशियनची धावपळ होते. काढलं नाही तर रात्री ते फुप्फुसात चढतं आणि पहाटे तीनला मला फोन येतो. म्हणून दारातच वजनकाटा आणि त्याच्या शेजारी रजिस्टर. येतानाचं वजन, जातानाचं वजन. मी सकाळी आले की रजिस्टरवर नजर टाकायची आणि ज्याचं वजन जास्त त्याला सगळ्यांसमोर झापायचं. "साडेचार किलो? पाण्याची टाकी आहेस का तू?" बाकीचे रुग्ण हसायचे. मला वाटायचं, वॉर्डात जिव्हाळा आहे.

एकादशीनंतर तर माझा नुसता संताप व्हायचा. उपासाच्या ताटात बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळी, खजूर, एकापेक्षा एक पोटॅशियमने भरलेलं. किडनी बंद असलेल्या माणसाचं हृदय त्या पोटॅशियमने थांबू शकतं. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी हातापायातलं बळ गेलेला, ईसीजी बिघडलेला असा यायचाच. कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्शुलिन-ग्लुकोज, तातडीने मशीन. आणि तो शुद्धीत आला की माझं तोंड सुरू. "विठोबा सोडवायला येणार आहे का?" असं मी एका वारकरी माणसाला म्हणाले आहे. उपास धरायचाच असेल तर काय खाता येईल हे बसून सांगायला दहा मिनिटं लागली असती.

खरं तर दोष कुणाचा हे मला पुस्तकातून पाठ होतं. डायलिसिस आठवड्यातून तीनदा हवं. तीनदा होणाऱ्यांनासुद्धा मधली दोन दिवसांची सुट्टी घातक ठरते. 2011 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या सुमारे 32 हजार रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यात त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आमच्याकडे बहुतेकांचं दोनदाच होतं. योजना मशीनचे पैसे देते. सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली हजेरी देत नाही, आणि तिसऱ्या वाराला माझ्याकडे मशीनही रिकामं नसतं. सोमवार-गुरुवारवाल्या माणसाला गुरुवारनंतर कोरडे तीन दिवस काढायचे असतात, मे महिन्यात, पत्र्याच्या घरात. तो तहानेने कासावीस होतो आणि तांब्याला तोंड लावतो. हे सगळं ठाऊक असून मी त्याला बेशिस्त म्हणत होते, कारण तिसरा वार देणं माझ्या हातात नव्हतं आणि झापणं हातात होतं.

मास्तरांची गोष्ट याच काळातली. ते प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. नाव सांगत नाही. त्यांचं ड्राय वेट 58 किलो होतं. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. ते आम्ही अंदाजाने, पायाची सूज, बीपी, छातीतला आवाज बघून ठरवतो आणि मशीनवर रोज तिथपर्यंत पाणी काढतो. मास्तर साठला यायचे, अठ्ठावन्नला जायचे. काही महिने सगळं सुरळीत होतं. मग त्यांचं बीपी चढायला लागलं. एक गोळी वाढवली, मग दुसरी. रात्री आडवं झालं की दम लागतो, म्हणाले. मी म्हणाले, "मास्तर, पाणी कमी करा." पुढल्या वेळी पुन्हा तेच. मी म्हणाले, "आयुष्यभर पोरांना नियम शिकवलेत, स्वतःला एक पाळता येत नाही?"

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. दुरेघी, शाळेची. रोज किती कप पाणी, किती चहा, आमटी किती, सगळं तारखेवार लिहिलं होतं. मी वही हातात घेतली नाही. "लिहायला काय जातंय," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

एका रविवारी मध्यरात्री त्यांना जीपमधून आणलं. उठून बसलेले, तोंडाला फेस, ओठ निळे. फुप्फुसं पाण्याने भरली होती. ऑक्सिजन लावला, मशीन सुरू केलं. काकू दाराशी उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, शपथ घेते, मी त्यांना पाणी दिलं नाही हो." नवरा गुदमरत होता आणि बाईला भीती माझी वाटत होती.

मास्तरांचा श्वास जरा खाली आल्यावर रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बोलू का? मास्तरांचं घड्याळ बघा." डायलिसिसच्या सुया घालायला रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला डाव्या हाताला, म्हणून घड्याळ उजव्या. पूर्वी मनगटावर घट्ट बसणारा पट्टा आता ओघळून पार कोपराकडे गेला होता. मी त्यांची दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली. नुसती कातडी होती. लेंग्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधलेली. माणसाचं मांस झडत होतं आणि तेवढ्याच वजनाचं पाणी अंगात भरत होतं. काटा अठ्ठावन्नच दाखवत होता. त्यातलं चारेक किलो पाणी होतं, आणि मी महिनोन्‌महिने ते तसंच आत ठेवून त्यांना घरी पाठवत होते. रजिस्टर काढलं. दोन वेळांमधली वाढ प्रत्येक वेळी दोन किलोच. तीन-चार दिवसांत दोन किलो म्हणजे माझ्या वॉर्डातला सगळ्यांत शहाणा रुग्ण. मी रोज ज्या रजिस्टरवर नजर टाकत होते त्यातच हे लिहिलेलं होतं.

पुढल्या काही डायलिसिसना थोडं थोडं करत ड्राय वेट 54 पर्यंत उतरवलं. दम गेला, बीपीच्या दोन गोळ्या बंद झाल्या. मांस का झडतंय याचा शोध घेतला तर मानेत एक गाठ हाताला लागली, संध्याकाळी कणकण यायची हेही तेव्हा कळलं. गाठीचा तुकडा तपासला, टीबी निघाला. डायलिसिसच्या रुग्णांना टीबी होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो आणि तो बऱ्याचदा फुप्फुसाबाहेरच असतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. औषधं सुरू झाल्यावर त्यांना भूक लागायला लागली आणि ड्राय वेट परत वाढवावं लागलं.

सिस्टरना मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं मॅडम. गणपतीच्या आधी. तुम्ही म्हणालात, सिस्टर, ड्राय वेट मी ठरवते." मला ते आठवतसुद्धा नव्हतं. अजूनही आठवत नाही, पण मी तसं म्हणाले असणार याबद्दल शंका नाही. वाक्य माझंच आहे.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. एक टेक्निशियन होता, हुशार पोरगा, अवघड फिस्टुलात पहिल्या फटक्यात सुई घालणारा. डबल शिफ्ट करून थकलेला असताना त्याने एकदा मशीनवर पाणी काढायचा आकडा चुकीचा टाकला. अर्ध्या तासात त्याच्याच लक्षात आलं, त्याने दुरुस्त केला आणि येऊन मला सांगितलं. रुग्णाला काही झालं नव्हतं. मी त्याला सगळ्या वॉर्डासमोर फाडून खाल्लं. तो काही महिन्यांनी शहरात निघून गेला. त्यानंतर आमच्या युनिटमध्ये कुणाची चूक म्हणून कानावर आली नाही, आणि मी हॉस्पिटलच्या बैठकीत अभिमानाने सांगत होते की माझं युनिट बिनचूक चालतं. थकलेला डॉक्टर चुकीचं इंजेक्शन देतो अशी माझी समजूत होती. माझे हात कधी चुकले नाहीत. मला कुणी काही सांगेनासं झालं होतं, एवढंच.

यातली सर्वांत लाज वाटणारी गोष्ट रागाचीही नाही. आमच्याकडे नव्या रुग्णांची यादी असते. मशीनची जागा रिकामी होते ती तीन कारणांनी: कुणाला किडनी मिळते, कुणी गाव बदलतं, कुणी जातं. तिसरं कारण बाकी दोहोंहून फार मोठं. 1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी काढली आणि किडनी कायमची गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगवता येऊ लागला. मशिनं मोजकी, रुग्ण फार. मग कुणाला घ्यायचं हे ठरवायला तिथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. 1962 मध्ये लाइफ मासिकात तिच्यावर लेख आला आणि बराच गदारोळ झाला. आमच्याकडे अशी समिती नाही, यादीची वही माझ्या टेबलावर असते. एका सकाळी एका रुग्णाच्या मुलाचा फोन आला, रात्री वडील गेले. सात वर्षांचा रुग्ण. मुलाचा आवाज चालू असतानाच माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मंगळवारची सकाळची शिफ्ट सुटली. दुःख नंतरही आलं नाही. यादीतल्या बाईंना त्याच तासाला फोन केला आणि काम वेळेत झालं म्हणून बरं वाटलं.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली 'बर्नआउट'वर लिहिलं, आणि 1981 मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक यांनी सहकाऱ्याबरोबर त्याची प्रश्नावली तयार केली. तीत तीन गोष्टी मोजतात: मनाचा थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघणं, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मास्तरांच्या प्रकरणानंतर मी ती घरी बसून भरली. थकव्याचे प्रश्न मोकळेपणाने भरले. थकवा मिरवता येतो. दुसऱ्या भागात मात्र खोटी उत्तरं दिली. कागद माझ्याशिवाय कुणी बघणार नव्हतं, तरी दिली.

एका आजींबद्दलही सांगायला हवं. ऐंशी ओलांडलेल्या, विस्मरणाने कुणालाच न ओळखणाऱ्या. सुया उपटू नयेत म्हणून त्यांचा हात फडक्याने खाटेला बांधून ठेवावा लागे, आणि चार तास त्या कुणा मेलेल्या बहिणीला हाका मारत. डायलिसिस आता त्यांचा छळ करतंय हे मला दिसत होतं. घरच्यांना घेऊन बसायचं, थांबवायचं का असं विचारायचं, दम लागू नये, वेदना होऊ नयेत म्हणून काय करता येईल ते सांगायचं, याला तास-दीड तास लागतो आणि त्यानंतर बाकीचा दिवस कामाचा राहत नाही. कागदावर 'डायलिसिस चालू ठेवा' लिहायला अर्धं मिनिट. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या मार्चमध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आहे, पण माझी अडचण कायद्याची नव्हतीच. आजी मशीनवरच गेल्या, हात बांधलेला असताना. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा दाखला न्यायला आला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचाराल म्हणून आम्ही वाट बघत होतो. आम्हीच आधी बंद करा म्हटलं असतं तर भावकीने पोरं आईला मारायला निघाली असं म्हटलं असतं."

माझ्यात बदल झाला तो पश्चात्तापाने झाला असं लिहिलं तर छान दिसेल. पण निमित्त अगदी साधं होतं. राऊंडमध्ये चक्कर आली, सिस्टरनी रिकाम्या खाटेवर बसवून रुग्णांच्याच बीपीच्या यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला बांधला, 170 वर 110. बीपीने किडनी जाते हे दिवसभर लोकांना सांगणाऱ्या बाईने स्वतःचं बीपी कधी मोजलं होतं ते तिलाच आठवेना. रुग्णांना फार मजा वाटली. "मॅडम, मीठ कमी करा," असं चार खाटांवरून ऐकू आलं.

गोळी सुरू झाली आणि नवऱ्याने हट्ट धरला म्हणून रात्रीच्या फोनांची वाटणी केली. गावात आणखी एक किडनीतज्ज्ञ आहेत, दुसऱ्या हॉस्पिटलचे. इतकी वर्षं आम्ही लग्नसमारंभात नमस्कार करून बाजूला होत होतो. आता एक आड एक शनिवार-रविवार ते माझे रुग्ण बघतात आणि मी त्यांचे. त्यांनी माझ्या दोन रुग्णांची ड्राय वेट बदलली तेव्हा मला झोप लागली नाही. दोन्ही बरोबर होती. माझ्या रुग्णांना हे अजून आवडलेलं नाही. "त्या डॉक्टरांना आमचं काय माहीत," म्हणतात.

उपासाचं एक पत्रक काढलं: वरीचा भात, थोडा साबुदाणा, बटाटा खायचाच तर सोलून, फोडी करून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं आणि दोनच फोडी खायच्या. ज्यांना उपास सोडवत नाही त्यांनी आदल्या दिवशी विचारायचं. वारकरीबुवा विचारायला येतात. माझ्या त्या वाक्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मास्तरांशी मात्र बोलले. औषधं लागू पडल्यानंतर एकदा त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, की पाणी तुम्ही जास्त पीत नव्हता, वजन मी चुकीचं धरलं होतं. ते थोडा वेळ मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझंच मोजमाप चुकतंय. कपाला टवका गेलाय, त्याने फरक पडत असेल. म्हणून मी दोन कप आणखी कमी केले होते." वैशाखातली गोष्ट ही.

महिन्याला एकदा आता सगळा स्टाफ रजिस्टर घेऊन बसतो. आधी सफाईवाल्या मावशी बोलतात, मग टेक्निशियन, मग सिस्टर, शेवटी मी. पहिले काही महिने कुणीच काही बोललं नाही. चहा पिऊन उठायचे. मग मावशींनी सांगितलं, अमुक खाटेवरचा माणूस घरी जेवत नाही, सून डबा देत नाही. त्याच्या रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, का कमी आहे यावर मी तोवर तीन तपासण्या लिहिल्या होत्या. झापणं पूर्ण थांबलेलं नाही. परवा एकजण साडेपाच किलो वाढवून आला तेव्हा तोंडून निघायचं ते निघालंच. मागच्या बैठकीत नवी टेक्निशियन मुलगी म्हणाली, मॅडम राऊंडला आल्या की आधी मशीनच्या स्क्रीनकडे बघतात, माणसाकडे नंतर, आणि कधीकधी बघतच नाहीत. मला राग आला. स्क्रीनवर दाब दिसतात, ते आधीच बघायचे असतात, हे मी तिला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. सिस्टरनी तिचं म्हणणं तरीही वहीत लिहून घेतलं. मी खोडायला सांगितलं नाही, पण मला ते अजून पटलेलं नाही.